वय झालेल्या माणसाला स्वतःच्याच घरात राहता यावं म्हणून घरात काय काय बदलायचं, सुरुवात कुठून करायची

घरातलं मोठं माणूस एकदा घसरून पडलं किंवा गुडघ्याचं ऑपरेशन करून घरी आलं की मगच आपली धावपळ सुरू होते, लगेच भिंतीला धरायचे बार बसवा, कमोड बदला, कोणीतरी सांगतं अख्खं बाथरूमच फोडून नवीन करा, आणि त्या गडबडीत चुकीच्या जागी चुकीची वस्तू बसते. मी आधी आईसाठी आणि नंतर सासऱ्यांसाठी हे सगळं केलंय, आईच्या वेळी केलेलं बरंचसं चुकलं होतं आणि काढून परत बसवावं लागलं, त्यामुळे जे पहिल्यांदाच करतायत त्यांच्यासाठी जरा सविस्तर लिहितेय.

आधी एवढं सांगते की हे काम खरंच उपयोगाचं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी ६ लाख ८४ हजार माणसं पडल्यामुळे जीव गमावतात आणि त्यात साठीच्या पुढची सगळ्यात जास्त. पण घरातले धोके कमी केले तर फरक पडतो, २०२३ च्या कॉक्रेन आढाव्यात (कॉक्रेन म्हणजे अनेक वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणारी संस्था) असं दिसलं की घरात असे बदल केल्यावर पडण्याचं प्रमाण साधारण २६ टक्क्यांनी कमी झालं, आणि ज्यांना मुळातच धोका जास्त, म्हणजे वर्षभरात पडलेले, नुकतेच हॉस्पिटलमधून आलेले, आंघोळीला किंवा कपडे घालायला मदत लागणारे, त्यांच्यात ३८ टक्क्यांनी. म्हणजे ज्यांना गरज जास्त त्यांनाच फायदा जास्त.

पायरी १ : आधी काही विकत घेऊ नका, नुसतं बघा

हे सगळ्यात महत्त्वाचं आणि हेच सगळे सोडून देतात. एक अख्खा दिवस त्यांच्याबरोबर घरात राहा आणि त्यांचे हात बघा, पाय नाही, हात. उठताना हात कुठे जातो, वळताना कुठे टेकतो, दारातून जाताना काय धरतात. आईच्या बाथरूमच्या चौकटीवर कोपराच्या उंचीला एक काळपट, तेलकट डाग होता, मी तो वर्षभर पुसत होते आणि डोक्यातच आलं नाही की ती रोज आत पाय टाकताना तिथे हात टेकते म्हणून तो पडतोय. आतला टॉवेलचा दांडा पण एका बाजूने सैल झालेला, भिंतीतून स्क्रू अर्धा बाहेर आलेला, कारण उठताना ती त्यालाच लोंबकळायची. असे डाग, सैल झालेले दांडे, हललेलं बेसिन, खुर्चीच्या पाठीवरचा उडालेला रंग, हे सगळं शोधून ठेवा, आधार कुठे पाहिजे ते त्या माणसाने कधीच दाखवून ठेवलेलं असतं.

रात्रीचं पण बघा. दिवसा सरळ चालणारं माणूस रात्री झोपेतून उठून बाथरूमला जाताना वेगळंच चालतं, चष्मा नसतो, पाय जड असतात, एकदम उठल्यावर बीपी खाली जाऊन चक्कर येते. पलंगापासून कमोडपर्यंतचा रस्ता रात्रीच्याच उजेडात तुम्ही स्वतः एकदा चालून या.

विचारताना पण जरा जपून. "तुम्हाला काय त्रास होतो" असं विचारलं की उत्तर ठरलेलंच, "काही नाही गं, मी करते की सगळं". त्यापेक्षा हल्ली काय करायचं सोडून दिलंय ते विचारा. वरच्या मजल्यावर जात नाही का, आंघोळ एक दिवसाआड झाली का, संध्याकाळनंतर पाणी प्यायचं बंद केलंय का म्हणजे रात्री उठायला नको. आईने पाणी कमी केलं होतं ते मला असंच बोलता बोलता कळलं, आणि पाणी कमी पडलं की चक्कर अजून वाढते, म्हणजे पडायचा धोका टाळायला केलेल्या गोष्टीनेच तो वाढत होता.

एक साधी चाचणी घरी करता येते. हात असलेल्या खुर्चीवर बसवायचं, समोर ३ मीटरवर खूण करायची, उठून तिथपर्यंत नेहमीच्या वेगाने जायचं, वळून परत येऊन बसायचं, काठी वापरत असतील तर काठी घेऊनच. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे असं धरतात. तुम्ही शेजारी उभे राहा, घाई करू नका. वेळ जास्त लागला, वर्षभरात एकदा जरी पडले असतील किंवा गोळ्या घेऊन गरगरतं म्हणत असतील तर डॉक्टरांना सांगा, औषधं एकदा तपासून घ्या, डोळे तपासा, कारण कितीही बार बसवले तरी गोळीने येणारी चक्कर बारने जात नाही.

आणि शक्य असेल तर ऑक्युपेशनल थेरपिस्टला एकदा घरी बोलवा. आजारी किंवा वयस्कर माणसाला रोजच्या हालचाली घरात कशा जमतील हे बघणं हेच त्यांचं काम असतं, आणि तासाभरात ते अशा गोष्टी दाखवतात ज्या आपल्याला रोज तिथेच राहून दिसत नाहीत.

पायरी २ : एका दुपारीत होणारी कामं

सगळ्या सुट्ट्या सतरंज्या, पायपुसणी, गालिचे उचला. एखादं लागतच असेल तर खालून पूर्ण रबर असलेलं, कडा न वळणारं. चालायच्या वाटेतल्या वायरी, एक्स्टेन्शन बोर्ड, छोटी स्टुलं, झाडाच्या कुंड्या काढा. वॉकर वापरत असतील तर वाट निदान ९० सेंटिमीटर मोकळी पाहिजे.

घरात पायात काय घालतात ते पण बघा, मागून उघडी, झिजलेली, सैल सपाता हे पडायचं मोठं कारण आहे, आणि नुसते मोजे घालून लादीवर चालणं तर त्याहून वाईट. मागे टाच धरणारी, खालून न घसरणारी चप्पल किंवा बूट घरात पण चालतो.

रोज लागणाऱ्या वस्तू कमरेपासून खांद्यापर्यंतच्या उंचीत आणा. वरच्या फळीवरचं काढायला मोठी माणसं स्टुलावर चढतात, आपण घरी नसताना हमखास चढतात, कितीही सांगितलं तरी, त्यामुळे सांगत बसण्यापेक्षा वस्तूच खाली आणलेली बरी.

खुर्ची आणि पलंगाची उंची बघा. बसल्यावर तळवे पूर्ण टेकले पाहिजेत आणि गुडघे खुब्यांच्या बरोबरीने किंवा किंचित खाली. फार खोल सोफा असेल तर त्यांच्यासाठी वेगळी, घट्ट बैठकीची, दोन्हीकडे हात असलेली खुर्ची ठेवा. पलंग खाली असेल तर पायांखाली घालायचे खोलगट ठोकळे मिळतात, त्यात पाय नीट बसतो. विटा, पुस्तकं असलं काही लावू नका, सरकतं.

पायरी ३ : उजेड

साठीच्या माणसाच्या डोळ्यात विशीच्या माणसाच्या तुलनेत साधारण एक तृतीयांश प्रकाश आत पोचतो, कारण बाहुली लहान राहते आणि भिंग पिवळट होतं. त्यामुळे तुम्हाला जो पॅसेज नीट दिसतोय तो त्यांना अंधाराच असतो. पण नुसता मोठा बल्ब लावून भागत नाही, उघडा प्रखर बल्ब डोळ्यावर आला की त्यांना उलट जास्त त्रास होतो, दोन क्षण काहीच दिसत नाही. म्हणून उजेड जास्त पण झाकलेला, आणि सगळीकडे सारखा, एक खोली लख्ख आणि पुढचा पॅसेज काळोखा असं नको.

रात्रीच्या वाटेवर सेन्सरचे छोटे दिवे लावा, घोट्याच्या उंचीवर, पिवळसर रंगाचे. पलंगावरून पाय खाली टाकला की लागले पाहिजेत. जिन्याला वर आणि खाली दोन्हीकडे बटण हवंच. बटणं ९० ते १२० सेंटिमीटरच्या दरम्यान, मोठी, अंधारात दिसतील अशी. प्लगचे पॉइंट शक्य असेल तिथे जमिनीपासून निदान ४५ सेंटिमीटर वर घ्या, सारखं वाकायला लागत नाही.

पायरी ४ : बाथरूम

इथे वेळ आणि पैसा दोन्ही घाला, बाकी घर थांबलं तरी चालेल. ओली फरशी, उघडं अंग, छोटी जागा, उठबस, आणि दार बंद.

जमीन. गुळगुळीत टाइल असेल तर लगेच फोडायची गरज नाही, आधी अँटीस्लिप कोटिंग किंवा चिकटणाऱ्या खरखरीत पट्ट्या लावून बघा. नवीनच बसवणार असाल तर टाइल ओली असताना, अनवाणी पायाला किती धरते ते विचारा. टाइलच्या खोक्यावर आर९ ते आर१३ असे आकडे असतात, आकडा जितका मोठा तितकी पकड जास्त, पण ती चाचणी बूट घालून करतात, अनवाणी पायासाठी ए, बी, सी अशी वेगळी वर्गवारी असते आणि सी सगळ्यात जास्त पकडीची. दुकानात नमुन्यावर साबणाचं पाणी टाकून स्वतः पाय घासून बघा, लाज वाटू देऊ नका. छोट्या टाइल्स घेतल्या तर मधल्या ग्राउटच्या रेघा जास्त येतात, त्यानेही पकड वाढते. आणि पाण्याचा उतार जाळीकडे नीट आहे ना ते बघा, कोपऱ्यात साचलेलं पाणी आणि त्यावरचं शेवाळ टाइलपेक्षा जास्त घसरवतं.

ग्रॅब बार. टॉवेलचा दांडा हा बार नाही आणि नळ पण नाही. हवा दाबून चिकटणारे जे रबरी बार मिळतात ते अंगाचा भार घ्यायला वापरू नका, आज घट्ट असतात आणि उद्या ओलीने सुटतात, आणि सुटतात ते नेमके जोर दिल्यावर. बार भिंतीत स्क्रूने बसलेलाच पाहिजे आणि निदान ११३ किलो भार घेणारा पाहिजे. जाडी ३२ ते ३८ मिलिमीटर म्हणजे मूठ पूर्ण वळते, भिंतीपासून अंतर ३८ मिलिमीटरच्या आसपास, त्याहून खूप जास्त असेल तर हात घसरून कोपरापर्यंत आत अडकू शकतो.

उंचीचं सांगायचं तर अमेरिकेतल्या अपंगांच्या सोयीच्या नियमात कमोडशेजारचा आडवा बार जमिनीपासून ८४ ते ९१ सेंटिमीटरवर सांगतात. मी आईसाठी चित्र बघून तसाच बसवून घेतला, कमोडच्या बाजूच्या भिंतीवर, आणि ती तरी बेसिनच धरून उठायची. मला वाटलं सवय होईल, नाही झाली. मग एकदा तिच्या तळहाताला खडू लावला आणि तिला म्हटलं, आई, नेहमीसारखी उठ आणि जिथे हात टेकावासा वाटतो तिथे भिंतीवर टेक. पाच वेळा उठवलं, पाचही ठसे जवळपास एकाच जागी आले, मी बसवलेल्या बारच्या वीतभर पुढे आणि चार बोटं खाली. तिची उंची कमी, आणि माणूस उठताना पुढे झुकतो, त्यामुळे आधार पुढेच लागतो, मागच्या बारला मागे हात टाकून कोण उठणार. तिथे बार हलवला आणि त्या दिवसापासून बेसिन सुटलं. म्हणून सांगते, नियमातला आकडा ही सुरुवात धरा, नक्की जागा त्या माणसाच्या हातानेच ठरवा. आंघोळीच्या जागेत शिरताना एक उभा बार, आत आडवा किंवा तिरका एक, आणि कमोडजवळ, बहुतेकांना एवढे पुरतात.

बसवायचं काम तुम्ही करा किंवा प्लंबर करो, एवढ्या गोष्टी उभं राहून बघा. टाइल बोटाने वाजवून बघायची, पोकळ आवाज आला तर तिथे भार घेऊ नये, आधी ती टाइल नीट बसवायला लागेल. भिंतीतले पाइप आणि वायरी कुठून गेल्यात ते डिटेक्टरने बघून मगच भोक. भोकाच्या जागी मास्किंग टेप लावली की बिट सरकत नाही. टाइल पार होईपर्यंत ड्रिलचा हॅमर बंद ठेवायचा, डायमंड किंवा टाइलचा बिट, सावकाश, नाहीतर तडा जातो. भिंत विटेची असेल तर ठीक, पोकळ ब्लॉकची किंवा पातळ पार्टिशनची असेल तर साध्या प्लॅस्टिक प्लगवर बार अजिबात राहणार नाही, आतला लाकडी किंवा लोखंडी उभा सांगाडा शोधून त्यात स्क्रू जायला पाहिजे किंवा मागून फळी देऊन मग बसवायला पाहिजे. स्क्रू स्टेनलेसचे, आणि बारच्या चकतीमागे सिलिकॉन, म्हणजे भोकातून पाणी आत जात नाही. सगळं झालं की घरातल्या सगळ्यात वजनदार माणसाने दोन्ही हातांनी धरून जोरात ओढून बघा. मोठ्या माणसाने पहिल्यांदा धरायच्या आधी हे झालंच पाहिजे.

कमोडची उंची सीटसकट ४३ ते ४८ सेंटिमीटर बहुतेकांना बरी पडते. जुना कमोड खाली असेल तर आख्खा बदलायची गरज नाही, वरून बसवायचं उंच सीट मिळतं, पण क्लॅम्पने घट्ट होणारंच घ्या, नुसतं ठेवायचं नको. फार उंच पण नको, पाय लोंबकळले तर उठताना जोर कुठून येणार. आंघोळ बसून करायला रबरी पायांची, भोकं असलेली, शक्यतो पाठ आणि हात असलेली खुर्ची, आणि शॉवर हातात धरता येईल असा, लांब पाइपचा.

गरम पाणी. ६० अंशाचं पाणी अंगावर पडलं तर साधारण ५ सेकंदांत गंभीर भाजू शकतं, ४९ अंशाला तेवढंच भाजायला काही मिनिटं लागतात. वय झालेली कातडी पातळ असते आणि डायबेटिस असेल तर पायाला कळतच नाही. पण साठवणीचा गीझर असेल तर टाकीचंच तापमान खूप कमी करून ठेवणं पण बरोबर नाही, २० ते ४५ अंशांमध्ये लिजिओनेला नावाचे, न्यूमोनिया करणारे जंतू वाढतात. त्यासाठी टाकीत पाणी ६० च्या आसपास ठेवून नळाच्या आधी थर्मोस्टॅटिक मिक्सिंग व्हॉल्व्ह लावतात, तो गार पाणी मिसळून ठरवलेल्या तापमानालाच पाणी सोडतो. बसवल्यावर नळाखाली थर्मामीटर धरून खात्री करा. नळ लिव्हरचे घ्या, फिरवायचे नको, संधिवाताच्या बोटांना गोल नळ फिरवताच येत नाही.

दार. याचा विचार कोणीच करत नाही. बाथरूमचं दार आत उघडणारं असेल आणि माणूस आत दाराला लागून पडलं तर बाहेरून दार ढकलताच येत नाही, ढकललं तर त्यालाच लागतं. दार बाहेर उघडेल असं करून घ्या किंवा सरकतं करा, तेही जमत नसेल तर बिजागऱ्या अशा लावा की बाहेरून दार उचलून काढता येईल. आणि कडी बाहेरून नाण्याने किंवा स्क्रूड्रायव्हरने उघडता येईल अशी. आतून खिट्टी लावायचीच नाही असं त्यांना सांगू नका, त्या वयात पण माणसाला आडोसा हवाच असतो.

इलेक्ट्रिशियन आलेलाच आहे तर बाथरूमच्या लाइनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लाइन आपोआप तोडणारा स्विच) आहे ना ते बघून घ्या, नसेल तर बसवा, आणि त्याचं टेस्टचं बटण अधूनमधून दाबून बघत जा.

पायरी ५ : जिना, पायऱ्या, उंबरठे

कठडा दोन्ही बाजूंना पाहिजे, कारण पक्षाघातानंतर किंवा खांदा दुखत असेल तर एकच हात चालतो आणि चढताना जो हात कठड्याकडे येतो तो उतरताना उलट्या बाजूला जातो. उंची ८६ ते ९६ सेंटिमीटर, गोल, मुठीत मावणारा. आणि कठडा पहिल्या पायरीच्या आधी आणि शेवटच्या पायरीच्या पुढे साधारण ३० सेंटिमीटर गेला पाहिजे. सासऱ्यांच्या जिन्याला कठडा शेवटच्या पायरीच्या एक पायरी आधीच संपत होता, हाताला कठडा संपल्याचं कळलं की त्यांना वाटायचं जिना संपला, आणि पाय सपाट जमीन समजून पुढे पडायचा. दोनदा तोल गेला तेव्हा मी त्यांच्या मागून उतरत होते म्हणून दिसलं. सुताराने फूटभर तुकडा जोडून दिला, बस, एवढंच काम होतं.

पायरीच्या कडेला साधारण ५ सेंटिमीटरची, रंगाने उठून दिसणारी, न घसरणारी पट्टी लावा. पायऱ्यांची उंची सारखी आहे का मोजा, आपलं शरीर पहिल्या दोन पायऱ्यांत उंची लक्षात ठेवतं आणि पुढची एखादी जरा जरी कमीजास्त असली तरी अडखळतं. दोन नंबरांचा किंवा प्रोग्रेसिव्ह चष्मा असेल तर खालच्या भागातून पायरी धूसर दिसते, जिन्यासाठी नुसता लांबचा चष्मा वेगळा करायचा का ते डोळ्याच्या डॉक्टरांना विचारा.

उंबरठे काढता आले तर काढा. नाही काढता आले तर दोन्ही बाजूंनी उतरती पट्टी लावून घ्या, १३ मिलिमीटरपेक्षा उंच काही वाटेत नको.

रॅम्पचा उतार १ ला १२, म्हणजे १५ सेंटिमीटरच्या पायरीला १ मीटर ८० सेंटिमीटर लांब रॅम्प लागतो, ४५ सेंटिमीटर चढायचं असेल तर ५ मीटर ४० सेंटिमीटर. लोकांना हे ऐकून जास्त वाटतं आणि मग जागा नाही म्हणून उभा रॅम्प बांधतात, तो मग कोणालाच वापरता येत नाही, वर ढकलणाऱ्याची दमछाक आणि खाली येताना खुर्ची आवरत नाही. रुंदी निदान ९० सेंटिमीटर, कडेला खुर्ची न घसरेल असा छोटा बांध, दोन्हीकडे कठडा, वर सपाट जागा. जागाच नसेल तर उंची कमी असलेल्या अर्ध्या पायऱ्या किंवा लिफ्ट यांचा विचार करा. आणि सगळ्यांनाच रॅम्प बरा पडतो असंही नाही, काठी घेऊन चालणाऱ्या काही जणांना कठडा असलेल्या बुटक्या पायऱ्याच जास्त सोप्या जातात.

पायरी ६ : दारं

व्हीलचेअरसाठी दाराची मोकळी रुंदी निदान ८१ सेंटिमीटर पाहिजे, ९० असेल तर उत्तम. मोजताना चौकट ते चौकट मोजू नका, दार ९० अंशात उघडून दाराच्या पृष्ठभागापासून समोरच्या पट्टीपर्यंत मोजा. थोडक्यात कमी पडत असेल तर दार पूर्ण बाजूला नेणाऱ्या वाकड्या बिजागऱ्या मिळतात, दाराच्या जाडीएवढी जागा सुटते आणि चौकट फोडावी लागत नाही. खुर्ची वळायला दीड मीटरचा मोकळा गोल लागतो, जमिनीवर खडूने काढून बघा म्हणजे कुठलं कपाट हलवायचं ते कळतं. गोल मुठींच्या जागी लिव्हरची हँडलं लावा, कोपराने पण उघडतात.

विस्मरण असेल तर

डिमेन्शिया असलेल्या माणसाला काळं पायपुसणं जमिनीतला खड्डा वाटू शकतं, चकाकणारी फरशी ओली वाटते, नक्षीचे ठिपके उचलायला वाकतात. म्हणून जमीन एकरंगी, न चमकणारी. पांढऱ्या भिंतीपुढे पांढरा कमोड त्यांना दिसतच नाही, सीट वेगळ्या ठळक रंगाचं बसवलं तर सापडतं. बाथरूमच्या दारावर चित्र लावा, रात्री दार उघडं आणि आत दिवा ठेवा. आरशात दिसणारं माणूस परकं वाटून घाबरत असतील तर आरसा झाका. शेगडीला आपोआप बंद होणारी सोय करून घ्या. आणि बदल एकेक करून करा, एका दिवसात घर बदललं तर ते त्यांना स्वतःचं वाटत नाही.

पायरी ७ : तरीही पडले तर

पडून तासाहून जास्त वेळ जमिनीवर राहिलं तर वेगळेच त्रास सुरू होतात, अंग गार पडतं, पाणी कमी होतं, दाबून राहिलेल्या स्नायूंना इजा होऊन किडनीवर परिणाम होतो. म्हणजे हाड मोडलेलं नसलं तरी मदत लवकर पोचणं महत्त्वाचं. गळ्यात किंवा मनगटावर बटण असलेला अलार्म, जो आंघोळीत पण घालता येतो, तो चांगला, पण काढून टेबलावर ठेवला तर काही उपयोग नाही. एक फोन जमिनीवरून हात पोचेल एवढा खाली ठेवा. शेजारी एक किल्ली ठेवा किंवा दाराबाहेर नंबरची पेटी लावा, नाहीतर मदत दारात येऊन दार तोडत बसते. फिजिओथेरपिस्टकडून पडल्यावर कसं उठायचं ते एकदा शिकून घ्या, कुशीवर वळायचं, हाता-गुडघ्यांवर यायचं, खुर्चीपर्यंत रांगायचं, हे बरं असतानाच सरावाने जमतं. झोपायच्या खोलीबाहेर धुराचा अलार्म पण लावा.

काम करून घेताना

बाथरूम फोडणार असाल तर पहिला प्रश्न हा विचारा की तेवढे दिवस ते आंघोळीला आणि टॉयलेटला कुठे जाणार. हे न ठरवता काम सुरू केलं की सगळ्यांचे हाल होतात. काम चालू असताना धूळ, पडलेल्या वायरी, अर्धवट लादी, हे सगळं रोज संध्याकाळी कामगार जायच्या आधी वाटेतून काढून घ्या, त्याच दिवसांत माणूस पडायचा धोका सगळ्यात जास्त. भिंती उघडल्याच आहेत तर बार आज लावायचे नसले तरी पुढे लागतील त्या जागी आत फळ्या घालून ठेवा आणि त्याचे फोटो मोजपट्टी धरून काढून ठेवा. मिस्त्रीला तोंडी सांगून सोडू नका, भिंतीवर पेन्सिलने खूण करा आणि त्या माणसाला तिथे उभं करून हात लावायला सांगा, मगच भोक.

दुरुस्त्यांमध्ये क्रम असा लावा, आधी पाणी, मग वीज, मग जे हलतंय ते, शेवटी दिसण्याचं. गळका नळ आपल्याला किरकोळ वाटतो पण त्याच्याखालची फरशी कायम ओली असते. सुटलेली लादी, सैल कठडा, उचकटलेली पट्टी, गेलेला बल्ब, हे पुढच्या सुट्टीवर ढकलू नका, आणि बल्ब त्यांना बदलू देऊ नका.

हे सगळं त्यांना विचारून करा. सासरे ग्रॅब बारला आधी नाहीच म्हणाले, हॉस्पिटलसारखं दिसतं म्हणून, आणि मला राग आला होता, पण त्यांचं पण बरोबर होतं, घर त्यांचं आहे. मग आम्ही तिघं बसून फिनिश निवडलं, पांढऱ्या प्लॅस्टिकच्या ऐवजी टाइलला जुळणारा मॅट, आणि पहिला बार त्यांनी स्वतः कुठे हवा ते दाखवलं, भिंतीवर पेन्सिलने फुली मारून. दुसरा त्यांनीच दोन महिन्यांनी मागून घेतला.

दर सहा महिन्यांनी एक चक्कर मारा, बारचे स्क्रू, कठडा, काठीच्या आणि वॉकरच्या खालची रबरं झिजलीत का, शॉवर खुर्चीची रबरं, सेन्सरच्या दिव्यांच्या आणि अलार्मच्या बॅटऱ्या. आणि हॉस्पिटलमधून परत आल्यावर किंवा एखादं नवीन औषध सुरू झाल्यावर पायरी १ परत करा, खडूसकट, कारण मागच्या वेळी जिथे हात जात होता तिथेच आता जाईल असं नसतं.